मोटरहोमच्या शेपटीला स्तेफा

"मागे गाडी बांधली आहे हे आपल्या मोटरहोमला कळणारसुद्धा नाही!" असं ओरेस्ट कोवालिक आठवडाभर गावात ज्याला त्याला ऐकवत होता. ते शंभर टक्के खरं ठरलं. मोटरहोमला कळलं नाही, आणि मागच्या गाडीत कोण बसलंय हे ओरेस्टलाही कळलं नाही!

पण जरा आधीपासून सांगायला हवं.

ओरेस्टनं कॅनडातल्या सस्कॅचवानात जन्मभर गहू पिकवला आणि मग जमीन पुतण्याच्या हवाली करून तो मोकळा झाला. कापणीच्या कंबाइन यंत्राच्या घरघराटानं त्याचे दोन्ही कान अर्धे-अर्धे गेले होते. म्हणजे हिशेबानं एक अख्खा कान शिल्लक होता, पण तो नेमका कुठल्या बाजूला, हे स्तेफाला चाळीस-एक वर्षांच्या संसारात सापडलं नव्हतं. आता दर वर्षी ऑक्टोबरात रानहंस दक्षिणेला निघाले की त्यांच्या मागोमाग हे दोघं मोटरहोम, म्हणजे आपलं चाकांवरचं घर, घेऊन अ‍ॅरिझोनाला निघायचे. थंडी संपली की हंसांबरोबर परत.

या वर्षी ओरेस्टच्या डोक्यात आलं, की स्तेफाची छोटी गाडी मागे बांधून न्यायची.

ती गाडी म्हणजे स्तेफाचा जीव की प्राण. बिटाच्या रंगाची, म्हणून नाव बुराक. त्यांच्या युक्रेनी बोलीत बुराक म्हणजे बीटच. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढून, निवृत्त झाल्यावर स्तेफा गाडी शिकली आणि स्वतःच्या पैशांनी तिनं ही घेतली. तिच्यात बसायचं तर ओरेस्टलासुद्धा बूट झटकून बसावं लागे.

"माझ्या बुराकला मागे बांधणार? शेळीसारखी?"

"शेळीसारखी कशाला! मध्ये लोखंडी दांडा, चारही चाकं रस्त्यावर, गिअर न्यूट्रलमध्ये, किल्ली अर्धी फिरवून ठेवायची म्हणजे स्टिअरिंग मोकळं राहतं. पुढची वळली की मागची आपोआप वळते. लग्न झालेल्या माणसासारखी!"

"पण न्यायची कशाला?"

ओरेस्ट जरा अडखळला. "दूध आणायला."

"अ‍ॅरिझोनात? दुकान समोर तर आहे! गेल्या वर्षी आपण चालत जायचो!"

"या वर्षी गाडीनं जाऊ!"

चर्चच्या हॉलमध्ये बायका पिरोही, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वळायला जमल्या, तेव्हा स्तेफानं विषय काढला. काढायला नको होता! एकीच्या मेव्हण्यानं अशीच गाडी ओढून नेली, तर तिचा गिअरबॉक्स उकडलेल्या कोबीसारखा मऊ झाला होता. दुसरीच्या चुलतभावाचा तर नुसता दांडा मुक्कामी पोचला, गाडी वाटेतच कुठल्या तरी शेतात राहिली. स्तेफा घरी आली ती पिठाचे हात तसेच घेऊन.

"सुरक्षित आहे का, एवढंच सांग."

"माझा शब्द आहे!"

"तुझा शब्द त्या दांड्याला माहीत आहे का?"

ओरेस्ट बाहेर जाऊन मोटरहोमखाली आडवा झाला आणि पाने आपटत राहिला.

निघाले त्या सकाळी गव्हाच्या खुंटांवर दहिवर गोठलं होतं. दर थांब्याला स्तेफा खाली उतरायची, बुराकच्या चारही चाकांना हात लावून बघायची, साखळी हलवून बघायची, बॉनेटवर थोपटायची. ओरेस्ट स्टिअरिंगमागे बसून दात खायचा. "ताप बिप आहे का तिला?" असं एकदा त्यानं विचारलंही. अमेरिकेच्या सीमेच्या अलीकडच्या शेवटच्या पेट्रोलपंपावर मात्र कहर झाला. स्तेफा सरळ एका ट्रकवाल्यापाशी गेली.

"काय हो, अशी गाडी अशी ओढून न्यावी का? खरं सांगा. हा माझा नवरा आहे म्हणून भिऊ नका."

ट्रकवाल्यानं बुराककडे बघितलं, ओरेस्टकडे बघितलं, हनुवटी खाजवली. "मी असतो तर नसती नेली, बाई," म्हणाला, आणि ट्रकात चढून चालता झाला. लोकांच्या संसारात काडी टाकून निघून जाणं किती सोपं!

ओरेस्ट लालबुंद झाला. "परक्या माणसाला विचारतेस? मी इथे खांबासारखा उभा असताना?"

"खांबाला विचारून झालं होतं. खांब म्हणाला, दूध!"

"असं? एवढी काळजी आहे ना तुला त्या डबीची? मग जा, तिच्यातच जाऊन बस!"

एवढं बोलून तो कॉफी आणायला पाय आपटत आत गेला.

आणि स्तेफा खरोखरच जाऊन बसली. मोटरहोममध्ये चढून तिनं आपला निळा स्वेटर घेतला, झोपायच्या खोलीचं दार रागानं ओढून घेतलं, आणि मागे जाऊन बुराकमध्ये स्वतःच्या जागेवर बसली. दार लावलं. सीट मागे पाडली. डोळे मिटले. म्हणाली, येऊ दे शोधत! फोन आत ओट्याजवळ चार्ज होत होता. होऊ दे! बसू दे बोंबलत!

ओरेस्ट आला तो दोन कॉफ्या आणि एक डोनट घेऊन. डोनट म्हणजे त्याच्या भाषेत अर्धी माफी. खोलीचं दार बंद दिसलं. अशा वेळी त्या दारावर टकटक करायची नसते, हे कळायला त्याला लग्नानंतर दहा वर्षं लागली होती, पण कळलं होतं ते पक्कं. त्यानं तिची कॉफी झाकून ठेवली, डोनट तिच्यावर ठेवला आणि गाडी सुरू केली.

इकडे स्तेफाच्या पाठीला एक हिसका बसला. तिनं डोळे उघडले. पेट्रोलपंप मागे चालला होता!

"ओरेस्ट!" ती किंचाळली. तिच्या आणि ओरेस्टच्या मध्ये एक काच, एक दांडा, अख्खी मोटरहोम आणि ते दोन अर्धे कान होते.

आता म्हणाल, मोटरहोमला मागचं दिसायला कॅमेरा नसतो का? होता ना! ओरेस्टच्या नाकासमोर त्याचा पडदाही होता. त्या पडद्यावर ओरेस्टनं टोपी अडकवली होती. "माणसानं पुढे बघावं," असं त्याचं तत्त्वज्ञान!

हमरस्ता आला आणि स्तेफाच्या डोळ्यांदेखत स्टिअरिंग आपण होऊन डावीकडे फिरलं. मग आपण होऊन सरळ झालं. तिच्या अंगावर काटा आला. भुताच्या मांडीवर बसल्यासारखं वाटलं तिला! तिनं घाबरून ते दोन्ही हातांनी गच्च धरलं. त्याबरोबर बुराक एका बाजूला ओढ घेऊ लागली, दांडा कुरकुरला, आणि पुढचं ते पांढरं धूड लग्नातून परतणाऱ्या काकासारखं डुलायला लागलं. तिनं चटका बसल्यासारखे हात सोडले. धूड सरळ झालं.

म्हणजे काहीच करायचं नाही? शाळेचं स्वयंपाकघर, चर्चची गायनमंडळी आणि ओरेस्ट, असं सगळं जिनं एकटीनं हाकलं, तिनं स्टिअरिंगसमोर हात मांडीवर ठेवून बसायचं? तिच्या आयुष्यातलं इतकं अवघड काम हे पहिलंच!

तिनं हॉर्न दाबला. बुराकचा हॉर्न म्हणजे सर्दी झालेलं बदक. तरी ती दाबत राहिली. शेजारून गाड्या पुढे जात होत्या. एका पोरीनं काचेला नाक चपटं करून जीभ दाखवली. एका म्हाताऱ्या जोडप्यानं हात हलवले. स्तेफानं पुढे बोट दाखवून डोक्याशी बोट गरगर फिरवलं, की पुढचा माणूस ठार वेडा आहे हो! त्यातल्या म्हातारीनं शेजारच्या आपल्या नवऱ्याकडे बोट दाखवून तशीच खूण केली, की आमचाही!

एका पिकअपवाल्याला मात्र गोम कळली. त्यानं वेग वाढवून ओरेस्टच्या बरोबरीनं गाडी नेली आणि हात मागे करून करून दाखवलं. स्तेफाचा जीव भांड्यात पडला. इतक्यात मोटरहोमच्या खिडकीतून ओरेस्टचा हात बाहेर आला आणि त्यानं झकासपैकी अंगठा वर केला. जणू म्हणत होता, हो हो, आमचीच! कशी येतेय बघा ना मागून! पिकअपवाल्यानं हताश होऊन मान हलवली आणि पुढच्या फाट्याला तो वळून गेला.

मग स्तेफानं ब्रेक दाबला. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो. ती त्याच्यावर जवळजवळ उभीच राहिली. मोटरहोम मंदावली! एक क्षणच. ओरेस्टला वाटलं, प्रेरीवरचा वारा उलटा फिरला. त्यानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला. हिनं ब्रेक आणखी दाबला. त्यानं आणखी दाबला. हा संसार असाच चालला होता म्हणा, पण आजवर त्यातून जळका वास आला नव्हता! बुराकच्या चाकांतून निळसर धूर निघाला, तशी स्तेफानं झटकन पाय उचलला. ज्या गाडीसाठी एवढं भांडण केलं, तिला आपणच भाजून काढणार होतो की!

मग ती खरी घाबरली. एक मोठा ट्रक धडधडत शेजारून गेला, त्याच्या वाऱ्यानं बुराक थरथरली, साखळ्या खळखळल्या. इथे दांडा सुटला तर? ती डोळे फाडून त्या दांड्याकडे बघत राहिली. आठवेल तेवढ्या सगळ्या संतांची नावं तिनं घेतली आणि मग पहिल्यापासून परत घेतली.

आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं, की दांडा जागचा हलत नाहीये. प्रत्येक खिळीला वरून आणखी तार गुंडाळलेली होती. साखळी जिथे बंपरला घासली असती, तिथे जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाची चिंधी बांधली होती. बुराकचा रंग खरवडू नये म्हणून! ते मोटरहोमखालचं पाने आपटणं हे होतं तर. गार जमिनीवर, पाठ धरलेली असताना. तिचा राग तसा कायम होता, पण त्याला कुठून तरी हवा निसटायला लागली.

होता होता सीमा आली. पाच-सहा गाड्यांची रांग होती. मोटरहोम थांबल्याबरोबर स्तेफा बाहेर पडली. ती ताठ मानेनं मोटरहोमच्या बाजूच्या दारापाशी गेली. काय काय बोलायचं ते तिनं वाटेत तयारच ठेवलं होतं, युक्रेनीत निराळं आणि इंग्रजीत निराळं. दारावर मूठ हाणायला तिनं हात उगारला.

आतून ओरेस्टचा आवाज आला. कमी ऐकू येणारी माणसं मनातलंही मोठ्यांदा बोलतात. त्यातून पुढची खिडकी उघडी.

"स्तेफा, ऐकतेयस ना? बोलू नकोस. नुसतं ऐक. मला असंच बोलायला बरं पडतं, तू दिसत नाहीस तेव्हा."

स्तेफाचा हात हवेतच राहिला. तो झोपायच्या खोलीच्या बंद दाराशी बोलत होता!

"गाडी दूध आणायला नाही घेतली मी. दुधाचं आपलं काहीतरीच सांगितलं. तुला तो हारासिमचुक आठवतो ना, गेल्या वर्षी आपल्या मोटरहोमच्या तळावरचा? उन्हात खुर्चीवर बसला होता, बसल्या बसल्या गेला. तो गेला ते ठीक. कधीतरी जायचंच. पण त्याची बायको नाद्या! तिला ते एवढं मोठं धूड चालवता येत नव्हतं. मुलगा येईपर्यंत त्यातच बसून राहिली बिचारी. खिडकीतून लोकांकडे बघत. मी रोज जाता-येता तिला बघायचो."

रांग हलली. मोटरहोम सरकली. स्तेफाही तिच्या बरोबर चालायला लागली. पुढचं ऐकायचं होतं ना!

"मला काही झालेलं नाही. डॉक्टरही तेच म्हणतो. पण मी काही ओकचं झाड नाही. आणि तू... तू त्या खिडकीत बसलेली मला चालणार नाही. तू असल्या धुडाला कुलूप लावायचं, बुराकमध्ये बसायचं आणि घरी जायचं. कुणाची वाट बघायची नाही. म्हणून मी तिला बर्फात चालायचे टायर घातले. वाळवंटात बर्फाचे टायर कशाला म्हणून तू हसलीस परवा. हसतेस तेव्हा छान दिसतेस म्हणून मी काही बोललो नाही."

मागच्या जीपमधल्या माणसानं काच खाली केली. एक बाई पायी, एका मोटरहोमच्या दाराला खेटून, गाल पुसत, अमेरिकेकडे चालली आहे, असं त्याला दिसत होतं. "बाई, काही मदत हवी का?"

"श्श!" स्तेफा त्याच्यावर खेकसली. "ऐकू दे की!"

"आणि ते 'जा, तिच्यातच जाऊन बस' म्हणालो ना मी," ओरेस्ट पुढे म्हणत होता, "ते मी असं... म्हणजे डोनट आणलाय. साखरेचा. रागावू नकोस."

रांग संपली. मोटरहोम चौकीच्या खिडकीशी थांबली. आतली अधिकारी बाई तरुण होती, पण चेहरा कडक इस्त्रीचा.

"किती जण आहात?"

"दोन."

"दुसरं माणूस कुठे?"

"आत खोलीत आहे. बायको. रुसली आहे," ओरेस्ट त्याच्या मते कुजबुजला. जीपवाल्यालाही नीट ऐकू गेलं. "जरा हळू बोला."

अधिकारी बाईनं मान तिरकी करून बाहेर बघितलं. "रुसलेल्या बाईंनी निळा स्वेटर घातलाय का?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"त्या तुमच्या दाराबाहेर उभ्या आहेत."

ओरेस्टनं आरशात बघितलं. मग उठून खोलीचं दार उघडलं. पलंगावर दोन उशा होत्या. मग बाजूचं दार उघडलं. पायरीखाली स्तेफा होती. ती एवढी पाठ केलेली वाक्यं! एकही आठवेना.

"तू... मग मी इतका वेळ कुणाशी बोलत होतो?"

"उशीशी," स्तेफा म्हणाली. "तिनं माफ केलंय तुला."

"पण तू होतीस कुठे?"

"बुराकमध्ये. तूच म्हणालास, जाऊन बस. बायकोनं एकदा तरी नवऱ्याचं ऐकावं म्हटलं!"

ओरेस्टला सगळं कळायला थोडा वेळ लागला. तो वारा. ते पिकअपवाल्याचे हातवारे. कळलं तसा त्याचा चेहरा पांढरा फटक पडला आणि तो पायरीवर मटकन बसला. अधिकारी बाई बाहेर आली. ओढल्या जाणाऱ्या गाडीत माणूस बसवणं बेकायदा आहे, दांडा सुटला असता तर काय झालं असतं, असं ती बरंच काही बोलली, आणि त्यातलं सगळं बरोबर होतं. ओरेस्ट ऐकत नव्हता. तो स्तेफाचे हात उलटे-सुलटे करून बघत होता, खांदा चाचपत होता, जशी ती सकाळपासून बुराकची चाकं चाचपत होती तसा.

"लागलं नाही ना कुठे? मान? मान हलव बघू."

"अरे, लोक बघतायत."

"बघू देत! हलव मान!"

तिनं मान हलवली. त्यानं तिची मान दोन्ही हातांत धरली.

"पण बाई, एक सांगा," स्तेफा डोळे पुसत अधिकारी बाईकडे वळली. "तुमच्याकडे इतक्या गाड्या येतात. अशी गाडी मागे बांधून नेलेली सुरक्षित असते का हो?"

बाईच्या चेहऱ्याची इस्त्री पहिल्यांदाच मोडली. "असते की. रिकामी!"

पुढे जाऊन त्यांनी मोटरहोम बाजूला घेतली. ओरेस्टनं खाली वाकून बुराकची चाकं तपासली. रबर जरा भाजलं होतं, बाकी काही नाही. कॉफी गार झाली होती. स्तेफानं डोनटचे दोन तुकडे केले, मोठा त्याला दिला.

"किती ऐकलंस?" त्यानं साखरेच्या तोंडानं विचारलं.

"दूध नाही, इथपासून."

ओरेस्टचे कान बिटासारखे लाल झाले. "म्हणजे सगळंच."

"मला एक कळलं नाही," स्तेफा म्हणाली. "धूड चालवता येत नाही म्हणून मागे गाडी बांधायची, तिला टायर घालायचे, चार दिवस जमिनीवर लोळायचं, जगाशी भांडायचं. त्यापेक्षा मला धूड चालवायला शिकवायचं, हे नाही सुचलं?"

ओरेस्टनं घास गिळला. सुचलं नव्हतं. खरंच नव्हतं!

"ऊठ," ती म्हणाली.

मोंटानातला तो रस्ता चांगला रुंद आणि निर्मनुष्य. स्तेफा त्या मोठ्या खुर्चीत बसली. पाय पेडलला पुरावेत म्हणून पाठीशी उशी घेतली. पडद्यावरची टोपी काढून ओरेस्टच्या मांडीवर टाकली. मागे बुराक कशी शहाण्यासारखी उभी दिसत होती!

"हळू. आता जरा दाब. उजवीकडची पांढरी रेघ आरशात ठेव. हां. बरोबर मध्ये ठेव. अगं, फारच छान!"

"बोलू नकोस. मला असंच चालवायला बरं पडतं, तू बोलत नाहीस तेव्हा."

सुरुवातीला ओरेस्टनं दाराची कड इतकी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडली. मग एका हातानं धरली. मग टोपी डोळ्यांवर ओढली. दुसऱ्या कुणाच्या हातात स्टिअरिंग असताना तो जन्मात कधी झोपला नव्हता, पुतण्याच्या ट्रॅक्टरवरसुद्धा नाही. आता तो मान टाकून घोरायला लागला. सकाळपासून त्याच्यावर कमी का गुदरलं होतं! स्तेफानं रेडिओ बंद केला. खड्डा दिसला की ती असा अलगद चुकवायची, जसं झोपलेल्या पोराचं दुपटं सारखं करावं.

ऊन तिरपं झालं. नदीकाठच्या तळाची पाटी आली. रात्रीचा मुक्काम तिथेच होता, जागा राखून ठेवलेली होती. पाटी गेली. मग एक गाव आलं, ते गेलं. मग नुसता माळ आणि दूरवर गुरं.

ओरेस्ट दचकून जागा झाला. टोपी वर केली. खिडकीबाहेर बघितलं, घड्याळात बघितलं.

"स्तेफा! कुठे आलोय आपण? तळ कुठाय?"

"मागे राहिला मघाशीच," नजर रस्त्यावर खिळवून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरून स्तेफा म्हणाली. "वळायचं कसं, ते तू अजून शिकवलंयस कुठे?"